लेडी डे

लेडी डे : ख्रिस्ती धर्मातील एक सण. येशूची माता मरिया हिला देवदूत गब्रीएलने पुत्रजन्माची वार्ता दिली (लूककृत शुभवर्तमान, १.२६–३८), त्या प्रसंगाप्रीत्यर्थ तो २५ मार्च रोजी पाळतात. लेडी डे हे त्याचे इंग्लंडमधील नाव.

तिथीच्या उगमाविषयी दोन मते आहेत. नाताळापासून नऊ महिने मागे मोजून ही तिथी ठरली, हे रूढ मत. फ्रेंच चर्च-इतिहासकार ल्वी द्युशेन यांच्या मते क्रम उलटा असावा : येशूचे क्रूसारोहण व गर्भसंभव एकाच तिथीला झाले, या समजुतीतून आधी २५ मार्च व त्यावरून नाताळ निश्चित झाला. आरंभीचा ख्रिस्ती लेखक तेर्तुल्यन याने इ. स. २०० च्या सुमारास क्रूसारोहणासाठी २५ मार्च हीच तिथी दिली आहे. २५ डिसेंबरच्या नाताळाचा निर्विवाद पुरावा मात्र ३३६ च्या आधी जात नाही. त्यामुळे दुसरे मत सहज बाजूस सारता येत नाही. स्वतंत्र सण म्हणून लेडी डेची प्रथा बरीच नंतरची, बहुधा सहाव्या शतकातील पूर्वेकडची असावी. ईस्टरपूर्वीच्या उपवासकाळात उत्सव नको म्हणून ६५६ च्या टोलेडो धर्मपरिषदेने स्पेनपुरता तो १८ डिसेंबरला नेला.

इंग्लंडमध्ये साधारण बाराव्या शतकापासून १७५१ पर्यंत कायदेशीर वर्ष २५ मार्चला सुरू होई. इंग्लंडचा राजा पहिला चार्ल्स याचा शिरच्छेद वर्षारंभ १ जानेवारी धरल्यास ३० जानेवारी १६४९ चा; तत्कालीन इंग्रजी कागदपत्रांत तो १६४८ मध्ये पडतो. स्कॉटलंडने १६०० मध्येच १ जानेवारी स्वीकारला होता. इटलीतील फ्लॉरेन्स व पीसा या शेजारच्या नगरांत वर्षारंभ २५ मार्चलाच होई, परंतु पीसाचा वर्षांक फ्लॉरेन्सच्या एकाने पुढे असे. अभ्यासकाने दस्तऐवजाचे गाव आधी पाहावे.

वर्षारंभ १ जानेवारीला आणणाऱ्या व ग्रेगोरियन कॅलेंडर लागू करणाऱ्या १७५० च्या ब्रिटिश कायद्याने १७५१ हे वर्ष २८२ दिवसांचेच झाले आणि २ सप्टेंबर १७५२ नंतर थेट १४ सप्टेंबर आला. गळालेल्या अकरा दिवसांचे नुकसान नको म्हणून सरकारी हिशेबाच्या तिमाह्यांचे दिवस (२५ मार्च, २४ जून, २९ सप्टेंबर व २५ डिसेंबर) तितकेच पुढे सरकले : ५ एप्रिल, ५ जुलै, १० ऑक्टोबर व ५ जानेवारी. ब्रिटनचे करवर्ष आजही ६ एप्रिलला का सुरू होते, याचे मूळ येथे आहे. ५ ऐवजी ६ एप्रिल का, तर १८०० हे लीप वर्ष नसल्यामुळे त्या साली आणखी एक दिवस वाढवला, असे स्पष्टीकरण काही ग्रंथांत मिळते. ते पटण्याजोगे नाही. तसे असते तर इतर तिमाह्याही एकेक दिवस सरकल्या असत्या, आणि त्या सरकल्या नाहीत. २५ मार्च हा हिशेबी वर्षाचा शेवटचा दिवस धरला जाई, असे मानल्यास त्यात अकरा मिळवून ५ एप्रिल हा अखेरचा दिवस येतो व कोडे सुटते.

सेंट जॉनचा दिवस (२४ जून), मायकेलमस (२९ सप्टेंबर) व नाताळ यांच्यासह लेडी डे हा खंड व भाडे चुकते करण्याच्या चार दिवसांपैकी एक होता. शेतीचे करारही बहुधा याच सुमारास बदलत.

भारतातील १ एप्रिलच्या आर्थिक वर्षाचा संबंध लेडी डेशी थेट जोडू नये. ब्रिटिश सरकारने १८५४ मध्ये आपले जमाखर्चाचे वर्ष ३१ मार्चला संपवण्याचे ठरवले. हिंदुस्थानात १ मेऐवजी १ एप्रिल १८६७ मध्ये आला, तो त्याच्याशी मेळ घालण्यासाठी.

२५ मार्च ईस्टरपूर्वीच्या पवित्र सप्ताहात आल्यास कॅथलिक पंथात सण पुढे ढकलतात. २०२४ मध्ये तो ८ एप्रिलला झाला. ग्रीसमध्ये हाच दिवस १८२१ च्या स्वातंत्र्ययुद्धाचा राष्ट्रीय दिन आहे. लेबाननमध्ये २०१० पासून ती ख्रिस्ती व मुस्लिम यांची सामायिक सार्वजनिक सुट्टी आहे.