काळी चारचा गंधार

ठाण्यात नौपाड्यापासून घोडबंदर रोडपर्यंत संध्याकाळी गाण्याचे क्लास भरतात आणि बहुतेक मुलांच्या सुरुवातीच्या रागांत भूप असतोच. सा रे ग प ध. मध्यम-निषाद (म, नी) वर्ज्य, उरलेले पाचही स्वर शुद्ध. वहीत लिहायला याहून सोपा राग नाही. कोमल स्वराखालची आडवी रेघ नको, तीव्र मध्यमावरची उभी रेघ नको. मंद्र म्हणजे खालच्या सप्तकातल्या स्वराखाली टिंब, तार म्हणजे वरच्या सप्तकातल्या स्वरावर टिंब, त्रितालाच्या समेवर फुली, नवव्या मात्रेला कालाचं शून्य, एवढं जमलं की बंदिश लिहिता येते.

ही लिपी विष्णु नारायण भातखंडे (१८६०–१९३६) यांची. तिच्यात एक फार मोलाची गोष्ट आहे: सा कुठे धरायचा, हे ती सांगतच नाही. पाश्चात्त्य स्टाफ नोटेशनमध्ये ठिपका ज्या रेघेवर बसला तो सूर ठरला. आपल्याकडे मुलगी काळी चारमध्ये, म्हणजे पेटीची चौथी काळी पट्टी सा धरून गाते, तिचे बाबा काळी एकमध्ये, आणि दोघांची वही एकच असते. म्हणजे वहीत उतरतं ते सूर आणि सा यांच्यातलं नातं. हे नातं आकड्यांत मांडता येतं. सा दोनदा कंप पावतो तेवढ्यात पंचम (प) तीनदा, सा चारदा तेवढ्यात गंधार (ग) पाचदा, आणि तार सा बरोबर दुप्पट.

आता पेटीवर बसा. काळी चारचा सा सेकंदाला सुमारे २०७.७ कंपनांचा. पाचास चार या हिशेबाने गंधार २५९.६ ला यायला हवा. पण पेटीवर काळी चारचा गंधार म्हणजे पांढरी एक, आणि ती वाजते २६१.६ ला. दोन कंपनांनी चढी.

दोनच ना, असं वाटेल. सा आणि ग एकदम दाबा, भाता सावकाश आणि एकसारखा चालवा आणि आवाजाच्या वरच्या भागाकडे कान द्या. तिथे एक बारीक थरथर ऐकू येते. कुठलाही सूर एकटा वाजत नाही, त्याच्यासोबत दुप्पट, तिप्पट, चौपट कंपनांचे सूरही निघतात. सा ची पाचपट होते १०३८, पेटीतल्या गंधाराची चौपट १०४६. जवळजवळ सारखे, पण जुळत नाहीत, म्हणून सेकंदाला आठेक वेळा आवाज फुगतो आणि ओसरतो. याला विस्पंद म्हणतात. आता सा-प दाबून पाहा. तिथे ही लाट इतकी संथ, की सेकंदाला एकसुद्धा पुरती होत नाही. पंचम जवळपास खरा आहे, गंधार नाही.

पेटी बनवणाऱ्याचा यात दोष नाही. कुठल्याही पट्टीला सा मानता यावा, म्हणून सप्तकाचे बारा सारखे भाग पाडलेले असतात. ही तडजोड पंचमाला फारशी बाधत नाही, गंधाराला मात्र चांगलीच बाधते. १९४० मध्ये ऑल इंडिया रेडिओने हार्मोनियमवर बंदी घातली. तेव्हाच्या वादात पेटीतून मींड (एका सुरावरून दुसऱ्यावर अखंड घसरत जाणं) निघत नाही हा आक्षेप होताच, तिचे सूर आपल्या गाण्यात बसत नाहीत हाही होता. ती बंदी उठायला तीसएक वर्षं लागली. बंदी मला पटत नाही, आक्षेप पटतो.

मग खरा गंधार ऐकायचा कुठे? तानपुऱ्यावर. त्यात गंधाराची तार नसते, तारा असतात पंचमाच्या आणि षड्जाच्या (सा). पण खर्जाची, म्हणजे खालच्या सा ची तार छेडली आणि जवारी (घोडीवर तार घासून येणारा झणकार) नीट लागलेली असली, की त्या तारेच्या पाचपट कंपनांचा सूर आपोआप वर येतो. तोच तार सप्तकातला गंधार, पाचास चारच्या हिशेबात तंतोतंत बसणारा. जाणकार त्याला स्वयंभू गंधार म्हणतात. पहिल्यांदा ऐकू येत नाही. तार छेडल्यावर घाई न करता, नाद विरत जातो तेव्हा ऐका. एकदा सापडला की मग तो कानाआड होत नाही.

भूपाचा वादी स्वर गंधारच आहे, म्हणून मला हे फार महत्त्वाचं वाटतं. ज्या स्वरावर रागाचा सगळा भार, तोच मुलं रोज पेटीबरोबर चढा घोटतात. पंधरा दिवसांवर प्रारंभिक किंवा प्रवेशिकेची परीक्षा असली तरी निदान आलापापुरती पेटी बंद ठेवा. तानपुरा नसेल तर मोबाइलवरचा चालेल, फक्त त्याचा सा आपल्या पट्टीला लावून घ्या आणि आवाज छोट्या स्पीकरऐवजी हेडफोनमधून ऐका, खर्ज नीट कळतो. गंधारावर थांबा, आवाज किंचित खाली सोडा. थरथर थांबते तिथे गंधार लागला.

पुढे कधीतरी देसकार शिकाल. वहीत तेच पाच स्वर दिसतील, पण वादी धैवत. भूपासारखं गंधारावर रेंगाळलात तर गुरुजी तिथेच थांबवतील.