होन (इंग्रजी क्रियापद)

होन हे इंग्रजी भाषेतील सकर्मक क्रियापद असून, पाते बारीक कणांच्या दगडावर घासून त्याची धार अधिक सूक्ष्म करणे हा त्याचा मूळ अर्थ होय. धार लावण्याच्या कोणत्याही क्रियेला इंग्रजीत ‘शार्पन’ म्हणता येते, तर फिरत्या चाकावर धातू झिजवून नवी धार काढण्यासाठी ‘ग्राइंड’ वापरतात. ‘होन’मध्ये मात्र धार आधीच आलेली असते, तिच्यावर राहिलेले ओरखडे आणि बारीक कंगोरे काढून ती तुळतुळीत करणे एवढेच काम उरते. वस्तऱ्याच्या संदर्भात हा शब्द विशेष शोभतो तो यामुळेच.

हे क्रियापद नामावरून बनले आहे. प्राचीन इंग्रजीत ‘हान’ म्हणजे दगड. जमिनीच्या सनदांमध्ये तो हद्दीचा दगड या अर्थानेही येतो. पुढे अर्थ संकोचत जाऊन ‘होन’ म्हणजे निसणा, धार लावण्याचा दगड, असा रूढ झाला. क्रियापद त्यामानाने बरेच अर्वाचीन असून १८ व्या शतकाच्या उत्तरार्धात ते लेखनात दिसते. मराठी वाचकाला अधिक जवळची वाटावी अशी गोष्ट म्हणजे या शब्दाचे संस्कृतशी असलेले नाते. मूळ भारोपीय भाषेतील (संस्कृत, इंग्रजी इत्यादींच्या समान पूर्वज भाषेतील) तालव्य ‘क’ संस्कृतात ‘श’ झाला आणि इंग्रजीसारख्या जर्मानिक भाषांत ‘ह’ झाला, जसे ‘शत’ आणि ‘हंड्रेड’ किंवा ‘श्वन्’ आणि ‘हाउंड’. त्याच नियमाने ‘होन’ हा शब्द ‘शाण’ (धार लावण्याचा दगड) आणि ‘निशित’ (धारदार) यांच्या कुळातला ठरतो. धातुपाठात, म्हणजे संस्कृत धातूंच्या पारंपरिक यादीत, या शब्दांमागील ‘शो’ धातूचा अर्थ ‘तनूकरणे’, म्हणजे पातळ करणे, असा दिला आहे. धार लावण्याचे याहून नेमके वर्णन क्वचितच सापडेल.

आज लाक्षणिक प्रयोगच अधिक आढळतो: कौशल्य, भाषाशैली किंवा युक्तिवाद ‘होन’ केला जातो. येथेही मूळची छटा टिकून आहे, कारण अंगी नसलेले कौशल्य ‘होन’ करता येत नाही. मराठीत प्रसंगानुसार ‘परजणे’, ‘घासूनपुसून लखलखीत करणे’ किंवा ‘पैलू पाडणे’ असे प्रतिशब्द चालतात. यंत्रशास्त्रात ‘होनिंग’ म्हणजे इंजिनाच्या सिलिंडरचा आतील पृष्ठभाग अपघर्षक दगडांनी घासणे. त्यातून उमटणाऱ्या एकमेकींना छेदणाऱ्या बारीक रेषांत वंगणाचे तेल टिकून राहते.

लक्ष्याच्या रोखाने जाणे या अर्थी ‘होन इन’ असाही प्रयोग होतो. घराकडे परतणाऱ्या कबुतरांशी संबंधित ‘होम इन’ हे त्याचे जुने रूप असून काळजीपूर्वक लिहिणारे आजही तेच पसंत करतात.