ईश्वरी प्रीतीचे व्यक्तिगत स्वरूप

देवाची प्रीती साऱ्या मानवजातीवर असली, तरी ती एकेका माणसाला नावानिशी ओळखते, ही ख्रिस्ती श्रद्धेतील एक मूलभूत धारणा. ‘देव प्रीती आहे’ (१ योहान ४:८) या बायबलमधील वचनावर ती उभी आहे. योहानकृत शुभवर्तमानात (३:१६) या प्रीतीचा विषय सारे जग आहे. गलतीकरांस लिहिलेल्या पत्रात (२:२०) मात्र, ख्रिस्ताने माझ्यावर प्रीती केली व माझ्याकरता स्वतःला दिले, असे प्रेषित पौल एकवचनात बोलतो. हा पौल पूर्वी मंडळीचा, म्हणजे ख्रिस्ती समाजाचा, छळ करणारा होता, त्यामुळे ही प्रीती पात्रता पाहून दिलेली नाही, हे त्याच्या तोंडून अधिक ठसते.

यशयाच्या ग्रंथात (४३:१) देवाची नाव घेऊन मारलेली हाक इस्राएल प्रजेला आहे. नव्या करारात, म्हणजे बायबलच्या येशूपासूनच्या भागात, ती एकट्या माणसापर्यंत पोचते. पुनरुत्थित येशूला माळी समजणारी मग्दालीया मरीया त्याने नावाने हाक मारताच त्याला ओळखते (योहान २०:१६). लूककृत शुभवर्तमानाच्या १५व्या अध्यायातला मेंढपाळ ९९ मेंढरे रानात सोडून हरवलेल्या एकाच्या शोधात निघतो. शेतात धनगरांची मेंढरे बसवणाऱ्या कोल्हापूरच्या मुलखात हा दृष्टान्त वेगळा समजावून सांगावा लागत नाही. व्यवहाराच्या हिशेबाने मेंढपाळाचे वागणे तोट्याचेच आहे, आणि दृष्टान्ताचे मर्मही तेच.

कोल्हापुरात १८५२ मध्ये रॉयल गुल्ड वाइल्डर या अमेरिकन मिशनऱ्याने कार्य सुरू केले. येथील उपासनेत ही धारणा बाप्तिस्म्याच्या वेळी विशेष दिसते : पाळक (मंडळीचे धर्मगुरू) बाळाचे नाव घेऊन त्याच्या डोक्यावर पाणी घालतात आणि सारी मंडळी त्याची साक्षी असते. या प्रीतीला मराठी भक्तिपरंपरेचा सूर दिला तो रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी (१८६१–१९१९; बाप्तिस्मा १८९५). त्यांच्या अभंगांत ख्रिस्ताशी असलेली सलगी वारकरी संतांच्या जवळची आहे. मात्र ख्रिस्ती सिद्धान्तात या प्रीतीचे प्रमाण वधस्तंभ, म्हणजे ख्रिस्ताचे त्यावरील मरण, हेच राहते.

व्यक्तिगत म्हणजे खासगी असा अर्थ घेण्याची चूक वारंवार होते, विशेषतः ‘मी आणि माझा प्रभू’ एवढ्यावर थांबणाऱ्या भावुक प्रवचनांत. योहानाचे पहिले पत्र (४:२०) मात्र, डोळ्यांसमोरच्या भावाचा द्वेष करून देवावर प्रीती असल्याचे सांगणाऱ्याला लबाड ठरवते.