भूत समजून आणि चेटकीण ठरवून: कायद्याला दिसणारा फरक

सातारा-सांगलीकडच्या ऊसपट्ट्यात शेतीपंपाची वीज पुष्कळदा रात्री येते आणि त्यामुळे बॅटरी व खोरे घेऊन मध्यरात्री पाणी पाजायला जाणे हे इथल्या शेतकऱ्याचे नेहमीचे काम आहे. समजा, अमावास्येच्या रात्री सरीच्या तोंडाशी पांढरे काही हलताना दिसले, दोनदा हाक मारूनही उत्तर आले नाही, आणि लहानपणापासून ऐकलेल्या हडळी-खविसांच्या गोष्टी आठवून गर्भगळीत झालेल्या माणसाने हातातले खोरे घातले. उजेड पाडून पाहतो तर शेजारच्या रानातली बाई. आता दुसरा प्रसंग समजा. गोठ्यातली म्हैस आटली, पोराचा ताप हटेना, बांधावर टाचण्या टोचलेले लिंबू सापडले, देवरुषाने "घराच्या उगवतीला राहणारी बाई" एवढेच सांगितले, आणि आठ दिवसांनी घरच्या कर्त्या माणसाने उगवतीला राहणाऱ्या चुलतीवर कुऱ्हाड चालवली.

पारावर या दोन्ही घटनांविषयी "अंधश्रद्धेतून खून झाला" असे एकच वाक्य बोलले जाते, आणि वर्तमानपत्राचा मथळाही बहुधा तोच असतो. कायद्याच्या दृष्टीने मात्र पहिला माणूस निर्दोष सुटू शकतो, आणि दुसऱ्याला त्याच्या समजुतीच्या आधाराने सुटका जवळपास अशक्य असते.

हा फरक समजुतीच्या खरे-खोटेपणावर ठरत नाही, कारण खोट्या तर दोन्ही आहेत. तो ओळखण्याची एक सोपी रीत आहे: आरोपीला जे खरे वाटत होते ते घटकाभर खरे धरावे आणि मग त्या परिस्थितीत त्याची कृती गुन्हा ठरली असती का, असे विचारावे. सरीच्या तोंडाशी खरोखरच हडळ असती, तर माणूस मेलाच नसता. उलट चुलतीने खरोखरच करणी केली असती, तरीही ती माणूसच होती आणि करणी करणाऱ्याला ठार मारण्याचा अधिकार कोणताही कायदा कोणालाच देत नाही. पहिल्याची चूक समोर काय आहे याविषयीची, म्हणजे तथ्याची आहे. दुसऱ्याने माणूस ओळखला होता, चुकला तो आपल्या अधिकाराविषयी. जुन्या भारतीय दंड संहितेच्या कलम 79 मध्ये आणि 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम 17 मध्ये संरक्षण आहे ते तथ्याच्या चुकीला, तेही ती सद्भावनेने, म्हणजे योग्य ती काळजी घेऊन झालेली असेल तर. कायद्याविषयीच्या चुकीला ते नाही.

भुताच्या बचावाची परंपरा आपल्याकडे जुनी आहे. लाहोर उच्च न्यायालयाने 1926 मध्येच, समोर भूत आहे असे समजून वार करणाऱ्याच्या मनात मनुष्यवधाचा हेतू नसतो, हे मान्य केले होते. विद्यार्थ्यांना हमखास शिकवला जाणारा निकाल मात्र ओडिशा उच्च न्यायालयाचा, 1960 च्या निकालसंग्रहातला आहे. रसगोविंदपूर येथे ओस पडलेली एक लष्करी धावपट्टी होती आणि तिथे रात्री भुते फिरतात असा बोलबाला होता. 1958 मध्ये भंगार खरेदीसाठी आलेल्या व्यापाऱ्याचा नेपाळी नोकर काही जणांबरोबर मध्यरात्री तिथून जात असताना दूरवर लुकलुकता उजेड आणि त्याभोवती हलणाऱ्या आकृती दिसल्या. तो खुकरी उपसून धावला आणि त्याने सपासप वार केले. त्या आकृती म्हणजे कंदील घेऊन मोहाची फुले वेचायला आलेल्या आदिवासी बायका होत्या. त्यांपैकी एक मरण पावली. सत्र न्यायालयाने त्याला निर्दोष सोडले, आणि सरकारच्या अपिलावर उच्च न्यायालयाने तो निकाल कायम केला. आणखी काळजी घेतली असती तर प्रसंग टळला असता, एवढ्याने संरक्षण नाकारता येत नाही, असे न्यायालयाने म्हटले. मेलेल्या बाईच्या घरच्यांना हा निकाल कसा वाटला असेल, हा विचार मनातून जात नाही. पण कायद्याचे तर्कशास्त्र बिनचूक आहे.

दोन्हींच्या सीमेवरचे प्रकरण पाटणा उच्च न्यायालयाचे, 1943 च्या निकालसंग्रहातले आहे. एका बाईला मध्यरात्री कमरेला केरसुणी व फाटकी चटई बांधून नाचणारी नग्न आकृती दिसली. ती माणसे खाणारी दुष्ट शक्ती आहे असे समजून तिने कुऱ्हाडीचे घाव घातले, आणि नंतर कळले की ती तिची जाऊ होती. इथे चेटकाची छाया स्पष्ट आहे, तरीही संरक्षण मिळाले, कारण वार करताना समोर माणूस आहे असे तिला वाटतच नव्हते. "ही माझी जाऊ आहे आणि ती चेटकीण आहे" असे तिला वाटले असते, तर निकाल फिरला असता.

चेटकीण ठरवून मारणाऱ्याचा वकील मग इतर दारे ठोठावतो. स्वसंरक्षण म्हणावे तर धोका तत्काळ असावा लागतो; आठ दिवस देवरुषाकडे खेपा घालणाऱ्याला पोलीस ठाण्यात जायला वेळ नव्हता असे म्हणता येत नाही. गंभीर व आकस्मिक प्रक्षोभाची अडचणही तीच. पूर्व आफ्रिकेच्या अपील न्यायालयाने मात्र हे दार थोडे किलकिले केले होते. युगांडातील 1941 च्या प्रकरणात रात्री अंगणात नग्नावस्थेत रांगणाऱ्या माणसाला, तो त्याच क्षणी चेटूक करत आहे असे समजून, मारण्यात आले होते; तिथे खुनाऐवजी सदोष मनुष्यवध धरला गेला. पुढे 1951 मध्ये त्याच न्यायालयाने अटी घट्ट केल्या: नुसती समजूत पुरत नाही, कृत्य डोळ्यांदेखत घडलेले असले पाहिजे आणि राग निवायच्या आत वार झालेला असला पाहिजे. आपल्याकडे 2003 च्या डिसेंबरात सर्वोच्च न्यायालयाने झारखंडमधील एका बालकाच्या नरबळीच्या खटल्यात फाशी कायम करताना अंधश्रद्धेला शिक्षा सौम्य करण्याचे कारणही मानले नाही. मनोविकलतेचा बचाव, म्हणजे न्याय संहितेचे कलम 22, हे वेगळेच प्रकरण आहे: सगळा गाव जे मानतो ते मानणे हा मनाचा आजार नव्हे.

अपशिंग्यासारखी घरटी फौजी असलेली गावे ज्या जिल्ह्यात आहेत, तिथे "जवान असेल तर?" हा प्रश्न येणारच. लष्करी कायदा, 1950 च्या कलम 70 नुसार, लष्करी कायद्याच्या कक्षेबाहेरच्या व्यक्तीचा खून केल्याबद्दल जवानाचा खटला सर्वसाधारणपणे कोर्ट मार्शलपुढे चालत नाही. सक्रिय सेवा, भारताबाहेरची नेमणूक आणि अधिसूचित सीमाचौकी हे त्याचे अपवाद. कोर्ट मार्शलपुढेही कसोटी बदलत नाही. फक्त "थम, कौन आता है" हे ज्याच्या अंगवळणी पडले आहे, त्या पहारेकऱ्याकडून काळजीची अपेक्षा अधिक राहील, असे मला वाटते. आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयात युगांडाच्या बंडखोर सेनेतील डॉमिनिक ऑन्गवेन याच्या बचावात म्होरक्या जोसेफ कोनी याच्या दैवी शक्तींचे भयही पुढे केले गेले होते. अशी श्रद्धा नवख्या, कोवळ्या मुलांत तीव्र असते आणि सेनेत वर्षे काढलेल्यांत ओसरते, असे पाहून न्यायालयाने ते नाकारले. 2021 मध्ये 61 आरोपांत दोषी ठरवून त्याला 25 वर्षांची शिक्षा झाली.

महाराष्ट्रात चेटकिणीचा शिक्का मारणे हाच गुन्हा आहे. साताऱ्याचे डॉ. नरेंद्र दाभोलकर यांच्या 20 ऑगस्ट 2013 रोजी झालेल्या हत्येनंतर आलेल्या जादूटोणाविरोधी कायद्याच्या अनुसूचीत, अमुक व्यक्ती करणी करते किंवा मंत्रतंत्राने जनावराचे दूध आटवते असे सांगून तिचे जगणे मुश्कील करणे, हे स्पष्ट लिहिलेले आहे. शिक्षा सहा महिने ते सात वर्षे. तेव्हा दुसऱ्या प्रसंगातला देवरुषीही मोकळा राहत नाही.

प्रत्यक्ष खटल्यात बचाव सिद्ध करण्याचा भार आरोपीवर असतो, मात्र शक्यतेचे पारडे आपल्या बाजूला झुकवले तरी त्याला पुरते. म्हणून तपासात बारीकसारीक गोष्टींना मोल येते: बॅटरी चालू होती का, अंतर किती होते, तो "भूत, भूत" ओरडला की बाईचे नाव घेऊन धावला, आणि पडलेले माणूसच आहे हे कळल्यावर त्याने वस्तीवर धाव घेतली की खोरे पाटाच्या पाण्यात धुतले.