डोळ्यातला पू ओढता येत नाही, कापावा लागतो

‘इन्फेक्शन झालं, मग डोळा बाहेर काढून धुतला आणि परत बसवला.’ मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर काही बिनसलं की हे वाक्य हमखास कानावर येतं. डोळ्याला मेंदूशी जोडणाऱ्या नसेत दहा लाखांच्या आसपास तंतू असतात. ती नस कापून पुन्हा जोडणं आजवर कुणालाच जमलेलं नाही. त्यामुळे डोळा असतो तिथेच राहतो. धुतला मात्र जातो, तोही आतून, अर्ध्या मिलिमीटरच्या भोकांमधून.

या आजाराचं नाव एण्डॉफ्थॅल्मायटिस, म्हणजे डोळ्याच्या पोकळीतच जंतू वाढणं. मोतीबिंदूच्या हजार ऑपरेशनांमागे साधारण एखाद्या डोळ्यात, बऱ्याच ठिकाणी त्याहूनही कमी. जंतू बहुतेक वेळा रुग्णाच्या स्वतःच्या पापणीच्या कडेवरचेच असतात. स्टॅफिलोकॉकस एपिडर्मिडिस हा त्यातला नेहमीचा. म्हणून ऑपरेशनआधी ५ टक्के पोव्हिडोन आयोडीन डोळ्यात टाकून सुमारे तीन मिनिटं थांबतात. ‘आमचं लेझरचं, बिनटाक्याचं, इन्फेक्शनचा प्रश्नच नाही’ ही नुसती जाहिरात. यंत्र कितीही महाग असो, छेद दिला की जंतूंना वाट मिळते.

बहुतेकदा पहिल्या आठवड्यातच नजर अचानक धूसर होते. डोळा लाल होतो, आणि बुबुळाच्या तळाशी पांढरा आडवा थर दिसू लागतो. तो साचलेला पू, हायपोपिऑन. चारांपैकी एका रुग्णाला दुखतच नाही, त्यामुळे ‘दुखत नाहीये ना, मग बघू दोन दिवस’ हा हिशेब चुकतो. त्या दोन दिवसांत कुणी सांगितलेला पाल्याचा अर्क डोळ्यात पडला तर विचारायलाच नको. ताज्या छेदावर आणखी जंतू ओतल्यासारखंच ते.

आता डोळ्याच्या आत जाऊ. लेन्सच्या मागे सुमारे ४ मिलिलिटर पारदर्शक जेली असते, व्हिट्रिअस. नव्याण्णव टक्के पाणी आणि त्यात कोलॅजेनच्या अतिशय बारीक तंतूंची जाळी. तिच्यात रक्तवाहिन्या नाहीत, त्यामुळे पांढऱ्या पेशी उशिरा पोचतात आणि जंतूंना रान मोकळं मिळतं. शिवाय पडद्याच्या (म्हणजे रेटिनाच्या) रक्तवाहिन्यांच्या भिंती इतक्या घट्ट विणलेल्या असतात की गोळीतून किंवा सलाईनमधून दिलेलं औषध जेलीत फारसं उतरत नाही. ड्रॉप्सही तिथवर पुरेसे पोचत नाहीत. मग औषध थेट जेलीतच टोचावं लागतं.

नेहमीची जोडी व्हँकोमायसिन १ मिलिग्रॅम आणि सेफ्टाझिडिम २.२५ मिलिग्रॅम, प्रत्येकी ०.१ मिलिलिटरमध्ये. दोन्ही एका सिरिंजमध्ये घेतली तर साका धरतो, म्हणून सिरिंजा वेगळ्या. १ मिलिग्रॅम म्हणजे चिमूटभरही नाही, पण ४ मिलिलिटरमध्ये पसरल्यावर दर मिलिलिटरला २५० मायक्रोग्रॅम होतात. स्टॅफिलोकॉकसची वाढ साधारण एक-दोन मायक्रोग्रॅमला थांबते. चूक होते ती औषध पातळ करताना. व्हँकोमायसिनच्या ५०० मिलिग्रॅमच्या बाटलीत १० मिलिलिटर सलाईन घातलं की दर मिलिलिटरला ५० मिलिग्रॅम. त्यातलं १ मिलिलिटर घेऊन आणखी ४ मिलिलिटर सलाईन मिसळायचं, की १० मिलिग्रॅम. ही दुसरी पायरी घाईत राहिली तर डोळ्यात पाचपट डोस जातो. जेंटामायसिनसारखी औषधं अशी जास्त पडली तर पडद्याच्या मध्यभागाचा रक्तपुरवठाच बंद पडतो.

सुई काळ्या-पांढऱ्याच्या सीमेपासून साडेतीन मिलिमीटर मागे टोचतात. त्या जागेच्या पुढे बुबुळामागचा स्नायू आणि लेन्स, मागे पडदा. मधली ही पट्टी तेवढी सुरक्षित. औषध टोचण्याआधी तपासणीसाठी जेलीचा ०.२ मिलिलिटर नमुना ओढायचा असतो, आणि खरी अडचण इथेच येते. पुष्कळदा सिरिंजमध्ये काहीच येत नाही. म्हणून जोर लावून ओढायचं नाही. जेलीचे तंतू पडद्याला चिकटलेले असतात. जेली ओढली की पडदाही ओढला जातो आणि फाटतो. गळवाला चीर देऊन पू काढतात, तो नियम इथे चालत नाही. पू तंतूंच्या जाळीत अडकलेला असतो, म्हणून आधी जाळी कापावी लागते.

कापण्याच्या या शस्त्रक्रियेला व्हिट्रेक्टॉमी म्हणतात. नेत्रसर्जन रॉबर्ट माकेमर यांनी १९७०च्या सुमारास तिचा पाया घातला. आज साधारण अर्ध्या मिलिमीटरची तीन भोकं पाडतात: एकातून द्रव आत येतो, दुसऱ्यातून प्रकाश, तिसऱ्यातून कटर. कटर म्हणजे टोक बंद असलेली नळी, टोकाजवळ बाजूला एक खिडकी. यंत्राच्या ओढीने जेली खिडकीत शिरते आणि आतलं पातं तिचा तुकडा पाडतं, मिनिटाला ५,००० वेळा किंवा जास्त. वेग वाढला की प्रत्येक घास लहान होतो, आणि घास लहान तितका पडद्याला बसणारा हिसका कमी. सगळी करामत या एका गोष्टीत आहे.

क्रम मात्र चुकवून चालत नाही. आधी द्रवाचा नळ बंद ठेवून कटरनेच न मिसळलेला नमुना घ्यायचा. नळ सुरू झाला की तो पातळ होतो. नळ उघडण्याआधी आतल्या नळीचं टोक डोळ्याने दिसलंच पाहिजे. सुजलेल्या थरांखाली ते अडकलेलं असेल तर द्रव थरांमध्ये भरतो आणि डोळा आतून सोलला जातो. अशा वेळी नेहमीच्या ४ ऐवजी ६ मिलिमीटरची नळी बरी. पुढच्या कप्प्यातला पू आणि जाळं आधी काढावं लागतं, नाहीतर मागचं काही दिसतच नाही. संसर्ग झालेला पडदा ओल्या टिश्यूपेपरइतका नाजूक होतो. त्याला चिकटलेला जेलीचा शेवटचा थर सोलायचा की नाही यावर सर्जन आजही भांडतात. सहज सुटत नसेल तर सोडून द्यावा, हे शहाणपणाचं.

ही शस्त्रक्रिया प्रत्येकाला लागते का? १९९५च्या एण्डॉफ्थॅल्मायटिस व्हिट्रेक्टॉमी स्टडीत मोतीबिंदूच्या किंवा लेन्स बसवण्याच्या ऑपरेशननंतरचे ४२० रुग्ण होते. डोळ्यासमोर हललेला हात ओळखता येत असेल तर नुसतं इंजेक्शन आणि तातडीची शस्त्रक्रिया यांचा निकाल सारखाच आला. फक्त उजेड कळण्याइतकी नजर उरली असेल तर फरक मोठा: शस्त्रक्रियेनंतर ३३ टक्के डोळे ६/१२ किंवा त्याहून चांगले, नुसत्या इंजेक्शननंतर ११ टक्के. शिरेतून दिलेल्या अँटिबायोटिकचा उपयोग दिसला नाही. तेव्हाचे कटर आजच्यापेक्षा बरेच हळू होते, म्हणून आता अनेक सर्जन लवकर हात घालतात. स्ट्रेप्टोकॉकसचा संशय असेल तर विशेषच, कारण त्याची विषं पडद्याला फार लवकर जाळतात.

एक प्रकार याहून चिवट. क्युटिबॅक्टेरियम ॲक्नेस हा संथ जंतू लेन्सच्या पिशवीत दडून महिन्यांनंतर डोकं वर काढतो. ड्रॉप्स सुरू असेपर्यंत डोळा शांत, थांबवले की पुन्हा लाल. पिशवीवर पांढरा चट्टा दिसतो आणि नुसतं इंजेक्शन बऱ्याचदा पुरत नाही. तिथे जेलीबरोबर तेवढी पिशवी कापतात. तरीही उलटला तर बसवलेली लेन्स पिशवीसकट काढावी लागते.