कचऱ्याची गाडी गाव का अडवते? बेळगाव परिसरातील प्रक्रिया केंद्रांच्या वादाची पार्श्वभूमी

बेळगाव तालुक्यात एखाद्या गावच्या गायरानात कचरा प्रक्रिया केंद्र येणार अशी कुणकुण लागली, की बैठकीत पहिले नाव निघते ते तुरमुरीचे, शहराच्या पश्चिमेला बेळगावचा कचरा टाकला जातो त्या गावाचे. अधिकारी नकाशा उलगडून यंत्रांची माहिती देतात, आणि समोर बसलेल्यांच्या डोळ्यांपुढे वेंगुर्ला रस्त्यालगतचा कचऱ्याचा ढीग असतो. विरोध करणाऱ्यांना विकासाचे वैरी ठरवण्याआधी हे कसे घडत गेले ते पाहायला हवे.

कचऱ्याशी शेतकऱ्याचे मुळात वैर नव्हते. घराच्या परड्यात उकिरडा असायचाच. शेण, राख, गोठ्यातला केर, भाताचे तूस सारे त्यात पडायचे आणि मृगाच्या आधी तेच शिवारात जायचे. शहरांनीही हीच वाट धरली होती. इंग्रज कृषिशास्त्रज्ञ अल्बर्ट हॉवर्ड यांनी 1924 ते 1931 या काळात इंदूरला कंपोस्टची पद्धत बसवली. पुढे 1939 मध्ये बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत डॉ. सी. एन. आचार्य यांनी शहरातला केर आणि मैला चरांमध्ये थरावर थर देऊन कुजवण्याची पद्धत तयार केली. ती आजही 'बंगळूर पद्धत' म्हणूनच ओळखली जाते. असे खत शेतकरी आनंदाने नेत, कारण त्यात पडलेल्या जवळजवळ सगळ्याची माती होत असे. हा मैला कोणाच्या डोक्यावरून वाहून नेला जात होता, हे मात्र त्या व्यवस्थेची आठवण काढताना विसरून चालणार नाही.

प्लास्टिकने हा व्यवहार मोडला. शहराच्या खतातून काच, ब्लेड आणि पिशव्या निघू लागल्यावर शेतकऱ्याने पाठ फिरवली. मग गावाबाहेर नेऊन टाकण्याखेरीज शहराला दुसरा मार्ग सुचेना. बंगळूरच्या पर्यावरण कार्यकर्त्या अल्मित्रा पटेल यांनी 1996 मध्ये सर्वोच्च न्यायालयात याचिका केली. तिच्या सुनावणीच्या रेट्यातून 2000 चे नगरी घनकचरा नियम आले आणि कचऱ्यावर प्रक्रिया करून उरलेलेच शास्त्रीय पद्धतीने पुरणे शहरांवर बंधनकारक झाले. बेळगावच्या कचऱ्याचे उत्तर म्हणून तुरमुरी पुढे आले ते या नियमांच्या पाठोपाठ.

कागदावर ही साखळी चोख आहे. ओला कचरा रांगा घालून कुजवायचा, अधूनमधून उलथायचा, चाळून खत काढायचे. जळण्याजोगा कोरडा माल सिमेंटच्या भट्ट्यांकडे पाठवायचा आणि राहिलेले थोडेसे भरावात, म्हणजे शास्त्रीय पद्धतीने पुरण्याच्या जागेत, घालायचे. पण साखळीची पहिली कडी प्रकल्पात नाही, शहरातल्या स्वयंपाकघरात आहे. तिथे ओले-सुके वेगळे झाले नाही की खतात काच येते, जळाऊ माल ओला राहतो आणि 'राहिलेले थोडेसे' म्हणता म्हणता त्याचाच डोंगर होतो. तुरमुरी आणि शेजारच्या गावांनी वर्षानुवर्षे दुर्गंधी, माश्या, मोकाट कुत्री आणि विहिरींचे पाणी यांच्या तक्रारी केल्या, त्या याच टप्प्यावरच्या. प्रक्रिया नको असे त्यांनी म्हटले नव्हते. सांगितलेली प्रक्रिया होत नाही, हे त्यांचे म्हणणे होते.

त्यात इथला पाऊस. बेळगावचा पश्चिम भाग सह्याद्रीच्या कुशीत येतो आणि जूनपासून सप्टेंबरपर्यंत उघडीप मिळणे कठीण. भिजलेल्या ढिगातून काळे पाणी सुटते, त्याला यंत्रणेच्या भाषेत लिचेट म्हणतात. 2016 च्या घनकचरा व्यवस्थापन नियमांनी भरावाच्या तळाशी 90 सेंटिमीटर घट्ट मातीचा थर आणि त्यावर 1.5 मिलिमीटर जाडीचा एचडीपीई म्हणजे दाट प्लास्टिकचा पडदा सक्तीचा केला होता, शिवाय हे पाणी गोळा करून त्यावर वेगळी प्रक्रिया करायला सांगितले होते. इथली जमीन बऱ्याच ठिकाणी जांभ्याची. जांभा सच्छिद्र, त्यातून पाणी उतरायला वेळ लागत नाही. रताळी, बटाटा आणि भात घेणारा शेतकरी पिण्यासाठी आणि जनावरांसाठी विहिरीवर विसंबलेला असतो. म्हणून यंत्रे किती टनांची, यापेक्षा आषाढात काळ्या पाण्याची टाकी भरली तर पुढे काय, हा प्रश्न त्याला मोठा वाटतो. माझ्या मते तो बरोबरच आहे.

पाण्याची चणचण शहरालाही नवी नाही. 1924 च्या काँग्रेस अधिवेशनासाठी टिळकवाडीत विहीर खोदावी लागली होती, ती अजूनही काँग्रेस विहीर म्हणून ओळखली जाते. 1962 मध्ये मार्कंडेय नदीवर राकसकोपचा जलाशय झाला आणि पश्चिमेकडचे पाणी शहराच्या नळाला आले. पाणी आमच्याकडून न्यायचे आणि घाण आमच्याकडे पाठवायची, ही पश्चिम भागातली भावना इथून येते.

शहराच्या दुसऱ्या अंगाला बळ्ळारी नाला आहे. शहापूर, वडगाव, जुने बेळगाव, हलगा या पट्ट्यातली भातशेती एके काळी या नाल्याच्या आधाराने पिकायची. आता त्यातून शहराचे सांडपाणी वाहते आणि मुसळधार पावसात तेच उभ्या भातात शिरते. त्यावर उपाय म्हणून हलग्यात सांडपाणी प्रक्रिया प्रकल्प आला, तर त्यासाठी लागणारी जमीनही पिकाऊच निघाली. शेतकरी रस्त्यावर उतरले, न्यायालयात गेले. नाल्याने बुडालेल्यालाच नाला स्वच्छ करण्यासाठी जमीन द्यायला सांगणे, ही त्यांना दुहेरी शिक्षा वाटली.

जागेची कोंडी खरी आहे, ती नाकारण्यात अर्थ नाही. 2016 च्या नियमांप्रमाणे भराव नदीपासून 100 मीटर, तर तलाव, वस्ती, महामार्ग आणि पाणीपुरवठ्याच्या विहिरींपासून 200 मीटर दूर ठेवायचा होता. विमानतळापासून 20 किलोमीटरच्या आत तो सहसा चालत नसे, आणि सांबऱ्याचा विमानतळ शहरापासून साधारण दहा किलोमीटरवरच आहे. एवढे वगळून नकाशावर मोकळे दिसते ते गायरान. महसूल दप्तरी ती पडीक सरकारी जमीन असते. गावाच्या लेखी ती चराई असते, जत्रेची जागा असते, पोरांचे मैदान असते. शिवाय गावठाण वाढत जाते. आज वस्तीपासून दूर असलेली जागा दहा वर्षांत घरांच्या भिंतीला लागते आणि प्रकल्पाभोवती राखायचा मोकळा पट्टा नकाशातच उरतो.

आणि मग भाषा. सामायिक नगरी घनकचरा प्रकल्प 2006 च्या पर्यावरण आघात अधिसूचनेत येतात, म्हणजे त्यांचा पर्यावरणावर काय परिणाम होईल ते आधी तपासावे लागते. जनसुनावणी लागते तेव्हा किमान 30 दिवस आधी नोटीस द्यावी लागते आणि या तपासणीच्या अहवालाचा सारांश इंग्रजीत व राज्याच्या किंवा स्थानिक भाषेत उपलब्ध करावा लागतो. सीमाभागात तो कन्नडमध्ये येतो. भाषिक अल्पसंख्याकांसाठीच्या 1956 च्या केंद्रीय निवेदनात, अल्पसंख्याकांचे प्रमाण 15 ते 20 टक्के असेल तिथे महत्त्वाच्या सरकारी सूचना त्यांच्या भाषेतही द्याव्यात असे म्हटले होते. मराठी कागदपत्रांची मागणी त्यावर उभी आहे. ज्या बाईच्या परड्याला लागून टाकी होणार, तिला त्या टाकीची खोली स्वतः वाचता येऊ नये, हे कोणत्याही भाषेत न्याय्य नाही. सुनावणीत हरकत नोंदवायची तर आधी मजकूर कळायला हवा.

अलीकडे ग्रामपंचायतींनी स्वतःच्या गावापुरती 'स्वच्छ संकीर्ण' नावाची छोटी केंद्रे उभारली आहेत, तिथे बचत गटांच्या महिला सुका कचरा निवडतात. स्वतःच्या गावचा कचरा स्वतःच्या शेडमध्ये ठेवायला लोकांची फारशी हरकत नसते. खटका उडतो तो शहराची गाडी वळते तेव्हा.

त्यामुळे आता बैठकांतून एक मागणी जोर धरायला हवी, आणि ती फार खर्चाची नाही. पहिली गाडी येण्याआधी आसपासच्या विहिरींचे पाणी तपासायचे, एकदा उन्हाळ्यात आणि एकदा पावसाळ्यात, आणि त्याचे आकडे पंचायतीच्या फलकावर मराठी आणि कन्नड दोन्हींत लावायचे. आधीचा आकडा हातात नसला, की पाणी आधीपासूनच तसे होते असे सांगितले जाते आणि शेतकऱ्याकडे त्यावर उत्तर नसते.