फ्रिक्शन शिफ्टर: क्लिक नाही, तरी गिअर बरोब्बर कसा पडतो?

गिअरची सायकल म्हटलं की हल्ली टक्-टक् करत गिअर बदलणारा शिफ्टर डोळ्यासमोर येतो. एक टक् म्हणजे एक गिअर, याला इंडेक्स शिफ्टिंग म्हणतात. पण जपानच्या शिमानो कंपनीने 1984 मध्ये ड्युरा-एस या आपल्या रेसिंगच्या गिअरसंचात हा प्रकार आणला आणि तो जमवून दाखवला, त्याच्या आधी जवळपास सगळ्या डिरेलरवाल्या सायकली (चेन एका दातेरी चकतीवरून दुसरीवर सरकवणारा भाग म्हणजे डिरेलर), अगदी टूर द फ्रान्सच्यासुद्धा, एका साध्या दांडीवर चालायच्या. त्या दांडीला खाचा नाहीत, क्लिक नाही, कुठेही नेऊन सोडली की तिथेच थांबते आणि ती तिथे थांबते ते फक्त घर्षणामुळे. हाच फ्रिक्शन शिफ्टर. म्युझियममध्ये गेलेली वस्तू आहे असं अजिबात समजू नका, आजही नवे बनतात, लांब पल्ल्याचे सायकलवाले मुद्दाम शोधून घेतात, आणि आपल्याकडच्या स्वस्तातल्या कित्येक गिअरच्या सायकलींवर डाव्या हाताचा अंगठ्याने फिरवायचा शिफ्टर असतो ना, उजवा क्लिकवाला पण डावा बिनक्लिकचा, तो फ्रिक्शनच असतो. म्हणजे बऱ्याच जणांकडे तो आहे, फक्त माहीत नाही.

मला या दांडीचं फार अप्रूप आहे, आणि ते जुन्याच्या प्रेमापोटी नाही. इतक्या साध्या वस्तूत इतकं फिजिक्स दडलंय की ते एकदा समजलं की कुठला शिफ्टर घ्यायचा, कुठे लावायचा, किती टाइट ठेवायचा, सगळं आपोआप सुटत जातं.

आधी मागे काय चालतं ते बघू. मागच्या डिरेलरमध्ये एक स्प्रिंग असते, ती त्याला कायम लहान चकतीकडे ढकलत असते (बहुतेक मॉडेल्समध्ये, काही उलटी पण आहेत). गिअरची वायर ओढली की डिरेलर मोठ्या चकतीकडे सरकतो, सोडली की स्प्रिंग त्याला परत नेते. डिरेलरला गिअर नावाची गोष्ट कळतच नाही, त्याला फक्त वायर किती ओढली एवढंच कळतं. शिमानोच्या 9 स्पीडमध्ये, म्हणजे मागे 9 चकत्या असतात तिथे, दोन चकत्यांच्या मध्यांमधलं अंतर साधारण 4.35 मिमी असतं, आणि वायर 1 मिमी ओढली की डिरेलर साधारण 1.7 मिमी सरकतो, म्हणून एका गिअरला सुमारे 2.5 मिमी वायर लागते. इंडेक्स शिफ्टरच्या पोटात या अडीच-अडीच मिमीच्या खाचा पाडलेल्या असतात. म्हणजे चकत्यांमधलं अंतर शिफ्टरला पाठ असतं. फ्रिक्शन शिफ्टरला काहीच पाठ नसतं, ते अंतर तुमचा हात आणि कान मोजतात.

आता हात एवढं बारीक मोजू शकतो का? गणित करून बघा. वायर ज्या छोट्या ड्रमवर गुंडाळली जाते त्याची त्रिज्या 10 मिमी धरा आणि दांडी 5 सेमी लांब. 2.5 मिमी वायरसाठी दांडी 14 अंशांनी फिरते आणि तिच्या टोकाला तुमचं बोट साधारण साडेबारा मिमी सरकतं. चेन अर्धा मिमी इकडे-तिकडे बसली असेल तर ती सरळ करायला बोट जेमतेम दीड मिमी हलवायचं. दीड मिमी आपल्या बोटाला आरामात कळतो, रोज कुलूप उघडताना किल्ली आपण याहून बारीक फिरवतो. म्हणून 7, 8, 9 स्पीडपर्यंत फ्रिक्शन अगदी सुखाने चालतं, 10 ला थोडं लक्ष द्यावं लागतं (तिथे अंतर 3.95 मिमी होतं), आणि त्यापुढे 11-12 वर चालतं पण चुकायला जागा कमी उरते, मी तरी नवख्या माणसाला 8 किंवा 9 स्पीडवरच सुरुवात करायला सांगेन.

खरी गंमत घर्षणात आहे. दांडी सोडल्यावर स्प्रिंग वायरला ओढतच असते, म्हणजे दांडीला उलटं फिरवायचा तिचा प्रयत्न चालूच असतो. तिला थोपवायला दांडीच्या दोन्ही बाजूंना वॉशर असतात, आणि मधला स्क्रू, ज्याला बऱ्याचदा बोटाने फिरवता येईल अशी अर्धगोल कडी असते, तो आवळला की वॉशर दांडीवर दाबले जातात. जेवढा दाब तेवढं घर्षण. आता समजा स्प्रिंगची ओढ दांडीच्या टोकाला 10 न्यूटन इतकी जाणवते. घर्षण त्याहून जास्तच हवं नाहीतर गिअर आपोआप पडेल, म्हणून स्क्रू आवळून ते 13 न्यूटन ठेवलं. मोठ्या चकतीकडे जाताना तुम्हाला स्प्रिंगशी पण भांडायचंय आणि घर्षणाशी पण, म्हणजे 10 अधिक 13, एकूण 23 न्यूटन. लहान चकतीकडे येताना मात्र स्प्रिंग तुमच्या बाजूने ओढते, 13 वजा 10, फक्त 3 न्यूटन! एकाच दांडीला एका दिशेला जवळजवळ आठपट जोर. साधा फ्रिक्शन शिफ्टर वापरणाऱ्याची जी नेहमीची तक्रार असते, की वर न्यायला जड आणि खाली आणताना भसकन जातो, तिचं मूळ हे आहे, त्यात मेकॅनिकची काही चूक नसते.

यात अजून एक भर म्हणजे स्थिर वस्तूचं घर्षण सरकत्या वस्तूपेक्षा जास्त असतं. दांडी हलेपर्यंत अडून बसते आणि हलली की एकदम सुटते, म्हणून स्वस्तातल्या शिफ्टरवर हवा तो दीड मिमी मिळत नाही, झटक्यात चार मिमी जातो. चांगल्या शिफ्टरमध्ये वॉशरचं मटेरियल आणि फिनिश असं असतं की हा झटका जवळपास जाणवत नाही. फरक हातात घेतल्या क्षणी कळतो.

हा 23 विरुद्ध 3 चा प्रश्न जपानच्या सनटूर कंपनीने फार सुंदर सोडवला. त्यांच्या पॉवर रॅचेट शिफ्टरमध्ये आत बारीक दात्यांचं रॅचेट असतं, म्हणजे एका दिशेला मोकळं फिरणारं आणि उलट दिशेला अडकणारं चाक. वायर ओढताना रॅचेट बारीक करकर करत मोकळं फिरतं, घर्षणाचे वॉशर मधे येतच नाहीत, तुम्ही फक्त स्प्रिंगचे 10 न्यूटन भरता आणि वर रॅचेटचं अगदी थोडं. वायर सोडताना रॅचेट अडकतं, वॉशर कामाला लागतात आणि तेच 3 न्यूटन लागतात. त्या करकरीला लोक इंडेक्सचे क्लिक समजतात, तसं नाही, ते दाते गिअरच्या अंतराशी जुळवलेले नसतात, त्यांचं काम फक्त दिशा ओळखणं. आज डाया-कॉम्पेसारख्या कंपन्यांचे नवे फ्रिक्शन शिफ्टर मिळतात त्यातही रॅचेटचीच कल्पना आहे.

फ्रान्सच्या सिम्प्लेक्सने याच प्रश्नाला वेगळंच उत्तर काढलं, रेट्रोफ्रिक्शन. त्यात ड्रमभोवती एक स्प्रिंग वेढे घालून बसवलेली असते. धक्क्यावर होडीचा दोर खुंट्याला दोन-चार वेढे मारले की एक माणूस एका हाताने अख्खी होडी धरून ठेवतो, तेच तत्त्व, प्रत्येक वेढ्यागणिक पकड कित्येक पटीने वाढत जाते. वायर मागे ओढू लागली की वेढे अजून आवळतात, आणि तुम्ही दांडी वायर ओढायच्या दिशेला नेलीत की वेढे सैल होऊन ड्रम मोकळा फिरतो. जुन्या बाजारात हे शिफ्टर चांगल्या अवस्थेत दिसले तर सोडू नका, चालवायला लोण्यासारखे असतात.

तर निवडताना माझा पहिला निकष रॅचेट आहे का नाही हा. साधा वॉशरवाला चालतो, पण रॅचेटवाला एकदा वापरला की परत जाववत नाही.

दुसरा निकष ड्रम, आणि याकडे लोक बघतच नाहीत. फ्रिक्शन शिफ्टर कुठल्याही डिरेलरला चालतो असं सर्रास सांगितलं जातं, ते बरंचसं खरं आहे पण पूर्ण नाही. शिमानोच्या 9 स्पीडला पहिल्यापासून शेवटच्या चकतीपर्यंत 8 वेळा अडीच, म्हणजे 20 मिमी वायर लागते. स्रॅम या दुसऱ्या कंपनीच्या 9 स्पीड माउंटन डिरेलरला प्रत्येक गिअरला साधारण 4 मिमी, म्हणजे एकूण 32. जुन्या रेसिंग सायकलच्या बारीक शिफ्टरचा ड्रम 8 मिमी त्रिज्येचा असेल तर 32 मिमीसाठी दांडी 229 अंश फिरवावी लागेल, ती त्याआधीच फ्रेमला नाहीतर स्वतःच्या स्टॉपला जाऊन टेकणार आणि सगळ्यात मोठी चकती, म्हणजे घाटात जी लागते नेमकी तीच, मिळणार नाही. नवीन 11-12 स्पीडच्या माउंटन डिरेलरना वायर याहून जास्त लागते. म्हणून विकत घ्यायच्या आधी दोन आकडे विचारा, माझ्या डिरेलरला एकूण वायर किती लागते आणि हा शिफ्टर किती ओढतो.

हे जमलं की मात्र खरोखर मोकळीक मिळते. शिमानोच्याच 10 स्पीडमध्ये रोडच्या आणि माउंटनच्या डिरेलरला वायर वेगवेगळी लागते, इंडेक्स शिफ्टरने त्यांची सरमिसळ केली की गिअर बसत नाहीत, फ्रिक्शनला त्याचं काही सोयरसुतक नाही. दुकानात 8 ची कॅसेट (मागच्या चकत्यांचा संच) नाही, 7 ची मिळाली, मागे एक स्पेसर घालून लावा, डिरेलर दोन्ही टोकांना किती जाईल ते ठरवणारे दोन लिमिट स्क्रू बघून घ्या आणि निघा. सायकल आडवी पडून डिरेलरचा हँगर, म्हणजे तो ज्याला लटकतो तो फ्रेमचा तुकडा, थोडा वाकला तरी फ्रिक्शनवर बरेचसे गिअर हाताने शोधून काढता येतात, इंडेक्सवर सगळी गणितं एकदम चुकतात. कोकणातल्या पावसात चार दिवस सायकल चालवली की वायरच्या कव्हरमध्ये चिखल आणि गंज जातो, वायर अडखळते, अर्धा मिमी कमी-जास्त ओढली जाते आणि इंडेक्सचा गिअर कुरकुरायला लागतो, तिथे फ्रिक्शनवाला चालता-चालता बोटाने तो अर्धा मिमी भरून काढतो. लडाख-स्पितीकडे सामान लादून जाणाऱ्यांना म्हणूनच हा प्रकार भावतो.

जागेचं म्हणाल तर सपाट हँडलला अंगठ्याचे शिफ्टर, शहरासाठी याच्याइतकं सोपं काही नाही. रेसिंग सायकलच्या खाली वळलेल्या ड्रॉप हँडलला टोकाला बसणारे बार-एंड, हात हँडलवरच राहतो पण वायर लांब होते आणि उभं राहून वळताना गुडघा लागू शकतो. फ्रेमच्या तिरक्या नळीवरचे डाउनट्यूब सगळ्यात हलके आणि वायर सगळ्यात छोटी, त्यामुळे हाताला जाणीव सगळ्यात स्वच्छ मिळते, पण प्रत्येक वेळी एक हात सोडून खाली न्यावा लागतो, खड्डे आणि रिक्षांच्या गर्दीत मी ते कुणाला सुचवणार नाही. ज्यांची धाकधूक होतेय त्यांच्यासाठी मधला मार्गही आहे, शिमानोच्या 9 स्पीडच्या बार-एंडमध्ये उजवा शिफ्टर इंडेक्सवरून फ्रिक्शनवर करता येतो. आणि त्या जोडीतला डावा कायम फ्रिक्शनच ठेवलाय, त्याला कारण आहे. मागे चेन लहान चकतीवरून मोठ्या चकतीवर गेली की पुढे तिचा कोन बदलतो आणि ती पुढच्या डिरेलरच्या पिंजऱ्याला, म्हणजे चेन ज्यातून जाते त्या दोन पट्ट्यांना, घासायला लागते, खर्रखर्र. फ्रिक्शनने पिंजरा केसभर सरकवला की आवाज बंद.

वापरायचं कसं? पॅडलवरचा जोर कमी करा, पण पाय थांबवू नका. दांडी सरकवा, चेन चढल्याचं पायाला कळतं, मग कान द्या. चेन नीट मध्ये बसली की जवळजवळ शांतता असते, थोडी बाजूला असेल तर बारीक टिकटिक किंवा खरखर येते, त्यावेळी दांडी किंचित पुढे-मागे करून आवाज जाईल तिथे सोडायची. जुन्या फ्रीव्हीलवर (मागच्या चकत्यांचा जुन्या पद्धतीचा संच) मोठ्या चकतीकडे जाताना दांडी थोडी जास्त न्यावी लागायची आणि चेन चढली की परत घ्यावी लागायची. 1989 नंतर शिमानोच्या हायपरग्लाइड चकत्या आल्या, त्यांच्या दात्यांना ठराविक ठिकाणी उतार आणि खाचा दिलेल्या असतात, चेन तिथून अलगद चढते. त्या बनवल्या इंडेक्ससाठी, पण फ्रिक्शनचं निम्मं काम त्यांनीच सोपं केलं, म्हणून आजचं फ्रिक्शन जुन्यापेक्षा कितीतरी गोड चालतं.

घाटात मात्र सवय बदलावी लागते. कात्रज असो की वरंधा, चढ पायाला लागायच्या आधी गिअर टाकून ठेवायचा, कारण चेनवर पूर्ण ताण असताना बोटाला येणारी जाणीव बोथट होते. आणि एक गोष्ट नीट समजून घ्या, डिरेलर मोठ्या चकतीकडे जाईल तशी स्प्रिंग साधारणपणे जास्त ताणली जाते, म्हणजे दांडीवर सगळ्यात जास्त ओढ सगळ्यात सोप्या गिअरमध्येच असते. म्हणून स्क्रू जरा ढिला असला की गिअर आपोआप पडतो तो नेमका चढावर, उभं राहून जोर लावताना. कडी पाव फेरा आवळा, प्रश्न सुटतो. निघण्यापूर्वी सगळ्यात मोठ्या चकतीवर चेन ठेवून वायर हाताने जरा ओढून बघा, दांडी जागची हलली नाही पाहिजे. आणि शिफ्टरमध्ये तेल मारू नका, आपल्याकडे काहीही जड चाललं की तेल सोडायची सवय आहे, इथे घर्षण हेच कामाला ठेवलंय. तेल हवं तर वायरला द्या.

रेस मारणाऱ्यांनी, जंगलातल्या खडकाळ ट्रेलवर जाणाऱ्यांनी, किंवा ज्यांना गिअरकडे लक्षच द्यायचं नाही त्यांनी इंडेक्सच घ्यावा. धडधडत्या उतारावर दीड मिमी शोधत बसायला सवड नसते.

शेवटी कव्हरबद्दल, कारण इथे जिवाशी गाठ आहे. इंडेक्सच्या गिअर वायरच्या कव्हरमध्ये तारा लांबीला समांतर असतात, त्यामुळे ते दबत नाही आणि वायरचं माप बिघडत नाही. ब्रेकच्या कव्हरमध्ये तार गोल गुंडाळलेली असते, ते थोडं दबतं पण मजबूत असतं. फ्रिक्शनला ते दबणं चालतं, त्यामुळे गावातल्या दुकानात गिअरचं कव्हर नसेल तर ब्रेकचं कव्हर कापून बिनधास्त लावा. याच्या उलट कधीही करू नका. गिअरचं कव्हर ब्रेकला लावलं तर जोरात ब्रेक दाबताच त्यातल्या समांतर तारा फाकून ते फुटू शकतं, आणि मग ब्रेक पूर्ण जातो.